नाकावरचा पदर

“कांदा कच्चाय अजून,” सासूबाई मागच्या दारातून म्हणाल्या. नाकावर पदर गच्च दाबलेला.

त्यांनी तुळशीची माळ घातली आणि आमच्या घरात मटण शिजायचं बंद झालं. मामंजी बिचारे निमूट पिठलं खायचे. आज त्यांचा वाढदिवस, म्हणून मी अंगणात वेगळी चूल मांडून आयुष्यात पहिल्यांदा मटण करायला घेतलं होतं.

“आई, तुम्ही आत जा ना. वासाचा त्रास होईल.”

“होतोयच,” त्या म्हणाल्या आणि पाट ओढून तिथंच बसल्या. “खोबरं काढ, करपेल. आणि पाणी गरमच घाल, नाहीतर मटण चिवट होतं.”

रश्शाला उकळी फुटली तसा त्यांनी पदर जरासा सरकवला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. “मीठ कमी पडलंय.”

मी चाखून बघितलं. खरंच कमी होतं.

जेवताना मामंजींनी पहिलाच भुरका मारला आणि वाटी तशीच हातात धरून बायकोकडे बघत राहिले. “ही चव तर तुझी आहे! माळ घातलीयस ना गं?”

सासूबाईंनी पदर पुन्हा नाकावर ओढला. “गळ्यात घातलीय. नाकात नाही.”