दमाची पोर

“कोपर वर घे. पुढचा पाय टेकला की मगच हात सोड. हं, टाक!”

आरोहीनं टाकला. जुन्या व्हॉलीबॉलात वाळू भरून शिवलेला तो जड चेंडू चिंचेच्या पलीकडं धप्पकन पडला. सहावीच्या पोरांनी गलका केला. बिभीषण सरांनी मात्र आधी तिच्या बापाकडं बघितलं.

बिरदेव शाळेच्या भिंतीला टेकून उभा होता. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत. “पाव्हणं हायेत,” एवढंच बिरदेव म्हणाला होता. पोरीचा मामा असेल, असं सरांनी धरलं. बरंच झालं. आईमागं मामाचा शब्द चालतो.

पोरीची आई गेल्या साली वारली. तोवर नवरा-बायको दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, पोर आजीजवळ राहायची. बायको गेली तसा बिरदेव घरातच बसून राहिला. वाढलं तर जेवायचा, नाहीतर तसाच. आणि परवा शाळेत येऊन म्हणाला, “दिवाळीपासनं पोर यायची न्हाय.” का, ते सांगितलं नाही. आजी थकली, भाकरीला माणूस पाहिजे असेल, असं सरांना वाटलं.

“एकदा ग्राउंडावर येऊन बघा तिला,” सरांनी हात जोडले होते. “मग मनाला येईल ते करा.” जिल्ह्याला नंबर आला असता तर क्रीडा प्रबोधिनीत घेतलं असतं तिला. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं तिथं. बापानं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढंच सरांना पाहिजे होतं.

म्हणून आज त्यांनी हातचं काही राखलं नाही. पळवलं. लांब उडी मारायला लावली. मग वर्गातल्या सगळ्यात जाड्या अजहरला तिच्या पाठीवर बसवलं आणि म्हणाले, “जा, चिंचेला वळसा घालून ये.”

“पाडू नको गं!” अजहर ओरडला. “अम्मीला एकटाच हाय म्या!”

पोरं हसून लोळली. आरोही वळसा घालून आली, तरी तिला धाप लागली नव्हती. बिरदेवसुद्धा हसला. वर्षात पहिल्यांदा हसला असेल.

पाहुण्यानं विचारलं, “दम लागत न्हाय व्हय हिला?”

“दम?” सरांची छाती फुगली. “सकाळपासून हेच चाललंय, बघा, घाम तरी आलाय का? वर्षभर घासून घेतलंय मी. गड्याला हार जायची नाही.”

पाहुण्यानं तिला जवळ बोलावलं. बाजारात खोंड बघावा तसा तिचा दंड दाबून बघितला. मग म्हणाला, “जा बाळा, त्यो चेंडू घिऊन ये.” ती पळत गेली. तो बिरदेवाकडं वळला. “जमलं. यंदा तुझा कोयता धरला.”

सरांना काही कळेना.

“ऊसतोडीचं मुकादम हायेत,” बिरदेव खाली बघत म्हणाला. “एकट्याला कोन घेतंय, गुरुजी? कोयता म्हंजी दोघांची जोडी लागती. म्या म्हनलं, पोर हाय माझी. तर ह्यांना भरवसा न्हवता. बारकी हाय, मोळी उचलायची न्हाय म्हनले. तवर तुमीच बोलावलं बघायला.”

“बारा वर्षांची आहे हो ती!”

“तिची आई बी तेवढीच हुती, पयल्या साली.”

शाळा, कायदा, प्रबोधिनी, काय काय सरांच्या मनात आलं. पण मुकादमानं किल्ली मुठीत धरली होती आणि तो निघाला होता. सर आडवे आले.

“ऐका माझं. खरं सांगतो. पोर कच्ची आहे. मघाशी तुमच्यासमोर मोठेपणा म्हणून बोललो. थोडं पळाली तरी धापा टाकते. उन्हात तर चक्कर येते तिला. फडात दोन दिवस टिकायची नाही.”

मुकादम थांबला. त्यानं बिरदेवाकडं रोखून बघितलं. “काय रे? आजारी पोर गळ्यात बांधतूस व्हय माझ्या?”

बिरदेव अंगठ्यानं माती उकरत राहिला.

मागं आरोही उभी होती. चेंडू खांद्यावर. सरांनी कानफटात मारावी तसा तिचा चेहरा झाला होता. ज्या माणसानं वर्षभर शाबासकी दिली, तोच आज बापासमोर तिला कच्ची म्हणत होता. तिनं चेंडू खाली टाकला, परकर खोचला आणि बापाकडं बघितलं.

“आण्णा, सर खोटं बोलायलेत. थांबा, दाखवते मी.”