धनाचे केस

दुर्गानं वाटीत रंग कालवून ठेवला होता. महेश्वरी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आज रंग नको. इथून पुढं नकोच."

जुळे सोलापूर भागातल्या या पार्लरमध्ये महेश्वरी वर्षानुवर्षं दर महिन्याला येत होती. दुर्गाचा ब्रश हातातच राहिला. "काय झालं ओ काकू? खाज सुटली का?"

"पांढरे होऊ देत."

"मग एका दिवसात करून देते की. आता तर पोरीसुद्धा चंदेरी करून घेतात."

"तसले नकोत. आपले आपण आलेले पाहिजेत." कारण तिनं सांगितलं नाही. परक्या माणसाला सांगण्यासारखं ते नव्हतंच.

महेश्वरी आणि धनलक्ष्मी जुळ्या बहिणी. साठी ओलांडली तरी नाक, हनुवटी, आवाज, हसताना मान तिरपी करायची खोड, सगळं एक. फरक काय तो केसांचा. धनलक्ष्मीचे चाळिशीत पिकले आणि तिनं ते खुशाल पिकू दिले. महेश्वरीनं मात्र पहिला पांढरा केस दिसला त्याच आठवड्यात रंग आणला. त्यांची आई निंगव्वा अक्कलकोटला धाकट्या लेकाकडं, मल्लेशकडं, राहायची. ती म्हणायची, "बरं झालं. काळी ती महेशी, पांढरी ती धना. आता माजा घोटाळा व्हायचा न्हाय."

गुढीपाडव्याच्या सुमाराला धनलक्ष्मी हुबळीला, सासरी, झोपेतच गेली. निंगव्वा तेव्हा खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळली होती. एवढ्यात धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. मल्लेशनं आईला सांगितलं, "धना आजारी हाय. बरी झाली की येईल." म्हातारीनं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सरकवलं. ती आली की जेवीन, म्हणाली. तेव्हापासून दोन घासांवर तिचे दिवस चालले होते. फोनवर तिची समजूत पटत नसे. फोनमधलं माणूस तिला माणूस वाटतच नसे.

मल्लेशचा धीर सुटला. "आक्का, सांगून टाकू का?"

"सांगितलंस तर ती त्याच दिवशी डोळे मिटेल," महेश्वरी म्हणाली. "काही महिने कळ काढ. मी धना होऊन येते."

टोप घालून भागणार नव्हतं, रंग लावूनही नाही. लेक आली की तिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घालायचं, ही निंगव्वाची पद्धत. साठीच्या लेकींनाही त्यातून सुटका नव्हती. महेश्वरीच्या रंगवलेल्या केसांना ती काथ्या म्हणायची. त्या बोटांना फसवायचं तर केस खरेच पिकलेले हवेत.

आणि अर्धवट पांढरी महेशी आईच्या नजरेला पडून चालणार नव्हती. त्यामुळं दर आठवड्याला अक्कलकोटला जाणारी महेश्वरी जायची बंद झाली. कधी तिचा गुडघा दुखत होता, कधी नातवाला ताप होता. मल्लेश सुचेल ते सांगायचा.

हे दिवस महेश्वरीला फार जड गेले. डोक्यावर मुळाशी पांढरं, खाली काळं. कॉलनीतल्या बायका रंग संपला का म्हणून विचारायच्या आणि ती हसून मान डोलवायची. सोलापुरात एकटा नवरा, ईश्वरप्पा, सगळं जाणून होता. चहा पिताना तो तिच्या डोक्याकडं बघायचा. "आणखी किती राहिलेत?" असं विचारायचा. खरं तर दोघांनाही धास्ती एकच होती, की केस पिकेपर्यंत म्हातारी राहते का.

ती राहिली. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठली आणि महेश्वरीनं दुर्गाकडून उरलेला काळा भाग कापून घेतला. केस कानाशी आले. आजारात गळाले म्हणून कापले, असं सांगायचं ठरलं. मान वर केली तर आरशात धना बसलेली. महेश्वरीला रडू कोसळलं. बहीण गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती. दुर्गाला वाटलं, काकूंना आपलं कापणं आवडलं नाही.

धनाच्या मुलाकडून मागवलेलं तिचं इरकल नेसून महेश्वरी अक्कलकोटच्या घरात शिरली.

निंगव्वानं डोळ्यांवर हात धरला. "कोन? धना?"

"व्हय अव्वा."

"बा," म्हातारी म्हणाली. कानडीत ये म्हणाली आणि हात पुढं केला. "केस कुटं गेले गं?"

"आजारात गळाले. मग कापले."

"यितील परत." तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला, आणि मल्लेशकडं वळून म्हणाली, "भाकरी कुस्कर दुदात. भूक लागल्या."

ती जेवली. वाटीभर संपवून पुन्हा मागितलं. मल्लेश दाराआड जाऊन डोळे पुसून आला. महेश्वरीच्या छातीवरचा दगड उतरला. एवढ्या महिन्यांचा खटाटोप फुकट गेला नव्हता. आई वाचली होती.

मग तेलाची वाटी आली. निंगव्वा भिंतीला टेकून बसली, लेक तिच्या पुढ्यात पाठमोरी. बोटं केसांतून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"मऊ हायेत," निंगव्वा म्हणाली. "तुजे पयल्यापास्नं मऊ."

थोड्या वेळानं तिनं मल्लेशला हाक मारली. "दूद संपलं की. आन जा." तो चप्पल घालून गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत म्हातारी तेल जिरवत राहिली.

"मल्लेशला काय ईचारत न्हाई मी," ती हळूच म्हणाली. "कदी गुडगा म्हनतो, कदी नातू. लई खोटं बोलतो माज्याशी. म्हनून तुजी वाट बगत हुते. तू मला कदी फसवलं न्हाईस." लेकीच्या डोक्यावर तिनं दोन्ही हात ठेवले. "खरं सांग धना. महेशी कदी गेली?"