वळणावरचे फटाके

दुनियेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या सूनबाईने स्वतःच्या मोटारसायकलच्या इंजिनात नवा कॅमशाफ्ट बसवला आणि गाडी गल्लीच्या वळणावर वेग कमी होताच सायलेन्सरमधून फटाके फोडू लागली. रोज संध्याकाळी ती अंगणात हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू जुळवायची. दुसऱ्या दिवशी घरी येताना पुन्हा फाट-फाट! "दिव्याखाली अंधार," गॅरेजमधले हसायचे. डॉक्टरांनी गोड बंद केलेले सासरे मात्र समजूत घालायचे, "असू दे गं, तू आलीस हे लांबूनच कळतं." एका सकाळी निघताना तिने स्क्रूला हात लावला, तर बोट चिकटलं. वास घेऊन ती गालातल्या गालात हसली. स्क्रू जुळवून नेलपॉलिशच्या थेंबाने पक्का केला. संध्याकाळी गाडी मांजरीच्या पावलांनी आली. स्वयंपाकघरात सासरे उभे, हातात जॅमची बरणी, तोंडात चमचा. चमचा काढून ते उलट तिच्यावरच डाफरले, "अगं, आज गाडी वाजली कशी नाही?"