आधी पाणी

परवाना मिळेपर्यंत वृषालीला एकटीनं समुपदेशन करायची मुभा नव्हती. सरकारी विम्याचे पेशंट बघायचे, तर कानात देखरेखीचे डॉक्टर हवेतच. जिवंत डॉक्टर पुरेनात, म्हणून सरकारनं वारलेल्या डॉक्टरांची मनं यंत्रात जागी ठेवली होती. वृषालीच्या कानात डॉ. नाफडे असायचे.

आज मात्र ते सकाळपासून गप्प होते. शेवटची बाई डोळे पुसत गेल्यावर तिनं विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?"

"नाही गं." आवाज खोल गेला होता. "राज्यभर तुझ्यासारख्या हजारो पोरांच्या कानात मी एकाच वेळी बसलोय. सगळ्यांच्या पेशंटांचं रडणं ऐकतो. मला झोपही नाही. माझं कुणी ऐकेल का, वृषाली?"

ती पार थकली होती. त्यात मेलेल्या माणसावरचे उपचार विम्याच्या योजनेत बसतच नव्हते. तरी तिनं पेशंटची रिकामी खुर्ची समोर ओढली. "बोला सर."

"असं नाही," डॉक्टर सवयीनं म्हणाले. "शिकवलंय ना? पेशंट बसला, की आधी पाणी विचारायचं."

वृषालीनं पेला भरून खुर्चीपुढे ठेवला. तेव्हा कुठे डॉक्टर बोलायला लागले.