मूळ फाइल

"नळी कुठे गेली?" स्क्रीनवरची नजर न काढता मास्तरांनी विचारलं.

"पुसली," त्यांची मुलगी म्हणाली.

छायाचित्र स्पर्धेचा निकाल संध्याकाळी होता. विषय होता 'नातं'. गुण इतर परीक्षकांनी दिले होते. शेवटी उरलेल्या दोन फोटोंच्या मूळ फाइली तपासायचं काम तेवढं मास्तरांकडे होतं. गावातल्या निम्म्या लोकांना कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

एका फोटोत एक म्हातारी तान्ह्या बाळाच्या कपाळावर ओठ टेकत होती. खाली नाव होतं, 'आजी आणि नात'. दुसऱ्यात मास्तरांची बायको खिडकीपाशी बसून खळखळून हसत होती. ती गेली त्याच्या महिनाभर आधी मुलीनं तो काढला होता. मूळ फाइलीत तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. स्पर्धेला पाठवलेल्या फोटोत नव्हती.

"फेरफार चालत नाही, हा नियम ठाऊक होता ना तुला?"

"होता. पण आईच म्हणत होती, थांब, नळी काढते, मग काढ फोटो. मी काढू दिली नाही. तिला धाप लागली असती. बाबा, तिनं नळी काढली असती, तर हा फोटो चालला असता तुम्हाला?"

"चालला असता. कॅमेऱ्यापुढे ते खरंच घडलं असतं."

"म्हणजे आईला गुदमरवून काढला असता तर खरा, आणि हा खोटा?"

"मला शब्दात पकडू नकोस. समोर असेल ते टिपायचं. नंतर बोट लावलंस की संपलं."

"ती हसली, ते खरं होतं बाबा."

मास्तरांनी चष्मा पुसला. बायकोच्या त्या हसण्याकडे त्यांना फार वेळ बघवेना. त्यांनी फोटो बाद केला आणि म्हातारीची फाइल उघडली. उजेड, सावल्या, बाळाच्या मुठीवरच्या सुरकुत्या, सगळं मोठं करकरून पाहिलं. कुठे तसूभरही फेरफार नव्हता.

संध्याकाळी सभागृह भरलेलं होतं. "स्वतःच्या लेकीचा फोटो बाद करणारा माणूस," असं म्हणून अध्यक्षांनी मास्तरांची ओळख करून दिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत मुलगीही टाळ्या वाजवत होती. मास्तर ताठ उभे राहिले.

"फोटो खोटं बोलत नाही," ते माइकवर म्हणाले. "आपण त्याला बोलायला लावतो."

पहिलं बक्षीस म्हातारीचा फोटो काढणाऱ्या चष्म्याच्या दुकानदारानं घेतलं. फोटोतल्या आजींना तो मुद्दाम घेऊन आला होता. चहाच्या वेळी तो अभिनंदनाच्या घोळक्यात अडकला, तेव्हा मास्तर स्वतःच कप घेऊन आजींकडे गेले.

"आजी, तुमचा फोटो बघून भरून आलं हो. आता केवढी झाली नात?"

आजींनी भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"तेच विचारायचं होतं मला," त्या म्हणाल्या. "कुणाचं होतं हो ते बाळ?"