बेटं की वाळवंट

नव्वद जीबीचं डाउनलोड.

पहाटे अडीचला कर्लीचे डोळे उघडतात. गजर लावलेला नसतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी.

उजवा खांदा एका उंचीच्या वर जात नाही.

कपाटात गणवेशाचा शर्ट, इस्त्री केलेला. तो घालत नाही, टाकतही नाही.

गेल्या वर्षी खेळाच्या गटात एकाने आपण सैन्यात होतो अशी थाप मारली. गट चालवणाऱ्या डीनोने त्याला पाच मिनिटांत हाकललं. त्याचं नाव गटाच्या यादीच्या तळाशी अजून लाल अक्षरांत आहे.

गेल्या रविवारी खेळ संपल्यावर कुणाच्या तरी माइकवर नळ वाहत होता, कुणी हात धुत असल्यासारखा. सहा मिनिटं.

"टकवेल?"

"हजर."

"कर्ली?"

"हजर."

"झाले आठ," डीनो म्हणाला. "चला, आज काय तो निकाल लावू."

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमधली आठ माणसं दर रविवारी दुपारी दोनला आपापल्या घरात हेडफोन लावून लढाईच्या खेळात उतरत. हजेरी खऱ्या पलटणीसारखी, आडनावाने. कर्ली तेवढा अपवाद. डोक्यावर एक केस नाही म्हणून गाव त्याला कर्ली, म्हणजे कुरळ्या, म्हणायचं. आडनाव कुणी विचारलंच नव्हतं.

मूळ खेळ जुना झाला होता. वर चढवायला दोन मोठी मॉड, म्हणजे खेळाचे जोडभाग, समोर होती, एक वाळवंटाचं, एक बेटांचं, आणि घ्यायचं एकच. सगळ्यांकडे तेच हवं. ज्याच्याकडे नाही त्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. म्हणजे आज जे ठरेल ते ज्याला झेपणार नाही, त्याचे रविवार संपले.

"वाळवंटाला तोड नाही," डीनो म्हणाला. "नव्वद जीबी उगाच नाहीत. जखमी माणूस ओरडतो, पांढरा पडतो, नाडी सुटत जाते. रक्त थांबवायचा पट्टा वेळेत आवळला नाही तर हातात मरतो. गेल्या रविवारी चाचणीत बघितलंत ना? मी पडलो आणि टकवेलने नऊ सेकंदांत वाचवलं. मी माहितीपुस्तिकेची चाळीस पानं वाचूनही मला तो पट्टा जमत नाही."

"रोपांना काठी बांधते ना रोज," कुणीतरी म्हणालं. "नर्सरीवालीचा हात आहे तो."

सगळे हसले. रोवीना टकवेलही हसली, जरा उशिराने.

"आणि बेटांच्या मॉडमध्ये काय?" डीनो म्हणाला. "होड्या, नारळ. गोळी लागली की माणूस खाली बसतो, चिकटपट्टी लावली की उठतो. बालवाडी आहे नुसती. मतं सांगा."

वाळवंट चार. बेटं दोन.

"टकवेल?"

"मला काहीही चालेल." तिच्या आवाजामागे कपबशी किणकिणत होती, बारीक, न थांबता. "जास्त जण जिकडे, तिकडे मी."

"मग वाळवंट झालंच. कर्ली, तू नुसतं हो म्हण."

"बेटं," कर्ली म्हणाला.

"अरे टकल्या, तुला पोहता तरी येतं का?"

"डीनो, बेटं घ्या."

"कारण सांग की बाबा. चौघांचं मन मोडायचं म्हणजे कारण नको?"

कर्लीने कपाळ पुसलं. यादीच्या तळाची लाल अक्षरं समोरच्या पडद्यावर दिसत होती.

"मी सैन्यात होतो," तो म्हणाला. "तिकडे. ते ओरडणं मला ऐकवत नाही."

"कोणत्या तुकडीत?" डीनोने विचारलं. चेष्टा नव्हती, पण स्वर पोलिसी होता.

"ते नको विचारूस."

डीनोने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

"माफ कर, गड्या," डीनो म्हणाला. "एवढी वर्षं आहेस आमच्यात. एका शब्दाने बोलला असतास तर... माझं मत बेटांना."

"माझंही."

"लिही माझंही."

"कर्लीसाठी," रोवीना म्हणाली. किणकिण थांबली होती. "आणि होडी मी चालवणार. डीनोच्या हाती दिलीत तर बंदरातच बुडवेल."

"ही बया बघा! हुकूम सोडतेय!"

हशा पिकला. डीनोने बेटांच्या मॉडवर खूण केली आणि डाउनलोड सुरू झालं. कर्लीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

२०१२ साली पहाटे चारला, छावणीच्या फाटकाशी, बेकरीचा गणवेश घातलेल्या कर्लीने पावाच्या गाडीतून क्रेट उतरवता उतरवता एक गरम पाव अफगाणिस्तानातून नुकत्याच परतलेल्या एका वैद्यकीय सार्जंटच्या थरथरत्या हातात ठेवला होता, आणि तिच्या खिशावरच्या पट्टीवर लिहिलं होतं : टकवेल.