बाग कोणी पाहिली

विलासरावांनी रिमोट दाबला आणि पडद्यावर लाल-पिवळ्या झाडांची बाग आली. मधोमध तळं, काठावर छोटा मंडप, पाण्यात झाडांची लाल सावली.

"ही राजवाड्याच्या मागची बाग," ते म्हणाले. "राजाची खासगी. सोलला जाऊन ही पाहिली नाहीत, तर तुम्ही कोरिया पाहिलाच नाही. आम्ही दोघं इथे चांगला दीड तास फिरलो."

दुसऱ्या रांगेत त्यांच्या बायकोने, सुनीताबाईंनी, चहाचा कप खाली ठेवला.

बहारीनमधल्या मनामा शहरात, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शुक्रवारची संध्याकाळ. सित्रा बेटावरच्या कंपनीची बस आज वेळेवर आली होती, त्यामुळे मागच्या खुर्च्याही भरलेल्या. राजवाड्याच्या पुढच्या भागाचे फोटो विलासरावांनी स्वतः काढले होते. सिंहासनाचा दरबार, रंगवलेली छतं, भाड्याचे रेशमी पोशाख घालून मिरवणाऱ्या मुली. तिथवर सगळं खरं होतं.

पुढचा फोटो आला. "आणि हा दरवाजा. अखंड दगडातून कोरलेला. याच्याखालून जो जातो तो म्हातारा होत नाही, असं म्हणतात. आम्ही गेलो बरं का."

"फरक दिसत नाही, विलासराव," मागून दत्ताराम म्हणाला. तो हिद्दच्या बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि मंडळात कोणाचीही फिरकी घ्यायची त्याला मुभा होती. हॉल हसला.

"अहो," सुनीताबाई म्हणाल्या, "हे फोटो आपले नाहीत."

आवाज मोठा नव्हता. पण हसणं नुकतंच थांबलं होतं, म्हणून तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"नेटवरून घेतलेत दोन-चार," विलासराव हसून म्हणाले. "आपले नीट आले नव्हते."

"आपले नव्हतेच. माझा फोन तुमच्या पिशवीत राहिला होता. आणि तुम्ही आत आलाच नव्हतात."

कार्यक्रम इरावतीने ठरवला होता. बँकेत नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. ती पुढे झाली. "काकू, प्रश्न आपण शेवटी घेऊ या का?"

"प्रश्न नाही गं. दुरुस्ती आहे." सुनीताबाई उठून उभ्या राहिल्या. "आम्ही गेलो जानेवारीत. बर्फ होता सगळीकडे. यांचा गुडघा दुखत होता. बागेच्या फाटकाशी मला म्हणाले, बाग ती बाग, त्यात काय बघायचं. म्हणाले, तू पण थांब, भाषा येत नाही, एकटी चुकशील. मी गेले."

"म्हणजे दरवाजाखालून वहिनी एकट्याच गेल्या," दत्ताराम म्हणाला. "विलासराव, मग तुमचं म्हातारपण नक्की."

या वेळी फार कोणी हसलं नाही. विलासराव बायकोजवळ आले आणि खालच्या आवाजात बोलले.

"सुनीता, लोकांसमोर नको. घरी बोलू."

"घरी दोन महिने तुम्ही विषय काढला नाहीत. इथे काढलात. मग इथेच बोलू."

"अगं, पण एवढं काय त्यात? दोघं गेलो काय, एकटी गेलीस काय. तिकिटं मीच काढली होती ना?"

"काढलीत. तुमचं वाया गेलं."

बहारीनमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती. झिंजमधल्या त्यांच्या इमारतीखालचं भाजीचं दुकान सोडलं, तर त्या एकट्या कुठेच गेल्या नव्हत्या. सूकमधला बाजार, शाळा, दवाखाना, विमानतळ, सगळीकडे विलासरावांची गाडी. त्या फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या वळणापर्यंत त्या दर चार पावलांनी मागे वळून पाहत होत्या. वळणानंतर एकदाही पाहिलं नाही. तेवढी एक वाट त्यांच्या एकटीची होती, आणि फोटो नसल्यामुळे ती त्यांच्या शब्दांखेरीज कुठेच नव्हती. आज त्या गप्प बसल्या असत्या, तर उद्यापासून ती ‘आम्ही’ पाहिलेली बाग झाली असती.

त्या चालत पुढे गेल्या. प्रोजेक्टरच्या उजेडात उभ्या राहिल्या तेव्हा तो परका दगडी दरवाजा त्यांच्या साडीवर, चेहऱ्यावर पडला.

"इरावती, हा बंद कर गं."

इरावतीने काकांकडे पाहिलं. सुनीताबाईंनी पाहिलं नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी इरावतीने बटण दाबलं आणि पडदा पांढरा झाला.

"तळं चौकोनी आहे," त्या म्हणाल्या. "मधे गोल बेट. पाणी गोठून दगड झालेलं. झाडावर एक पान नाही. मंडपाचे दोन खांब तळ्यात आहेत, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे. त्या दिवशी ते पाय बर्फात अडकले होते."

कोणी चहा पीत नव्हतं.

"गाईड मुलगी इंग्रजीत सांगत होती. अर्धं कळलं, अर्धं नाही. चालून गेलं. एकदा सगळे पुढे गेले आणि मी मागे राहिले."

"चुकलात?" दत्तारामने विचारलं. चेष्टेत नाही.

"नाही. मुद्दाम राहिले. बर्फावर माझ्या एकटीचीच पावलं होती. तिथून वर चढ आहे थोडा. मग तो दरवाजा दिसतो. फोटोत वाटतो तेवढा मोठा नाही."

दत्तारामने आपली खुर्ची आवाज न करता पुढे ओढली. विलासराव पहिल्या रांगेत बसले होते. रिमोट अजून त्यांच्या हातात होता.

"पलीकडे काय होतं?" त्यांनी विचारलं.

सुनीताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी अजून अलीकडेच आहे."